साबण कशाचा आणि पाणी कोणाचे?

मुसलमानाच्या शेवटच्या आंघोळीला बोरीचा पाला लागतो. मय्यतीला गुस्ल देताना पाल्यासह पाणी उकळतात आणि शेवटच्या पाण्यात कापूर घालतात. ही पद्धत आपल्याकडच्या कुणी बुजुर्गाने सुरू केलेली नाही. प्रेषितांच्या (स.) मुलीचे निधन झाले तेव्हा उम्मे अतिया यांना त्यांनी ज्या सूचना दिल्या, त्या सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहेत आणि त्यांत पाणी, बेरीची पाने आणि कापूर यांचा उल्लेख आहे. अरबीत सिद्र, उर्दूत बेरी, मराठीत बोर. हा पाला चुरगळून पाण्यात घोटला की फेस येतो, कारण त्यात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. तेच द्रव्य रिठ्यात असते, शिकेकाईत असते. म्हणजे आज शहरातल्या दुकानात हिरव्या बाटलीवर ‘वनस्पतीजन्य’ असे लिहून जे विकले जाते, त्याचे एक रूप आमच्या भंडारा जिल्ह्यात कुठल्याही कब्रस्तानाच्या कुंपणाला उभे आहे, काट्यांसकट.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. रसायनशास्त्र माझा विषय नाही. पण शब्दांचा माग काढणे हे माझे रोजचे काम आहे आणि साबणाचा माग काढू लागलो की शब्दच आपल्याला फार लांब घेऊन जातात. मराठी साबण आणि उर्दू साबुन हे अरबी साबूनचे नातलग. अल्कली हा शब्दही मूळचा अरबी, अल-क़ली, म्हणजे खारवट जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख. या राखेचा खार आणि जैतुनाचे तेल एकत्र शिजवून नाबलुस शहरात शतकानुशतके साबण होत आला. हलबमध्ये त्यात लॉरेल या झाडाच्या फळांचे तेल घालतात. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने या दोन्ही साबणांच्या कारागिरीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. युद्धाने पोळलेल्या दोन ठिकाणांची ओळख जगाने साबणाच्या वडीतून जपावी, ही गोष्ट मला विचार करायला लावते.

आपल्याकडे याच कामाला राख होती. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. तेलकट भांडे चुलीतल्या लाकडाच्या राखेने घासले की राखेतला खार आणि भांड्यावरचे तेल मिळून तिथल्या तिथे थोडासा साबणच तयार होतो. आपल्या आजी-नानींना हे सूत्र ठाऊक नव्हते, पण काम ठाऊक होते. सोनार दागिने रिठ्याने उजळायचा. रेशमी लुगडे आणि लोकरी शालसुद्धा रिठ्याच्याच पाण्यात पडायची.

आता हा फेस नेमके काय करतो ते साध्या शब्दांत सांगतो. पाणी आणि तेल एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्यात मध्यस्थ लागतो. त्या मध्यस्थाचे डोके पाण्याकडे ओढले जाते आणि शेपूट तेलाकडे. शेपटी मळात रुततात, डोकी बाहेर पाण्यात राहतात आणि मळाचा कण सगळीकडून वेढला जाऊन कापडावरून सुटतो. या मध्यस्थाला सर्फॅक्टंट म्हणतात. साबण हा सर्वांत जुना सर्फॅक्टंट. कपड्यांची पावडर, भांड्यांचा बार, शाम्पू, टूथपेस्ट, फरशी पुसायचे द्रव, सगळ्यांत हाच मध्यस्थ वेगवेगळ्या नावांनी बसलेला असतो. प्रश्न इतकाच की त्याची शेपूट कुठून आली: झाडाच्या तेलातून, जनावराच्या चरबीतून की जमिनीखालच्या खनिज तेलातून?

विसाव्या शतकाच्या मध्यावर खनिज तेलाने बाजी मारली, आणि त्याला एक प्रामाणिक कारण होते. जड पाण्यात साबण फाटतो. बोअरच्या पाण्यात कितीही घासा, फेस येत नाही आणि कापडावर पांढरट थर बसतो. डिटर्जंटला जड पाण्याची अडचण येत नाही. पण पहिल्या पिढीच्या डिटर्जंटची शेपूट फांद्या फुटलेली होती. जिवाणूंना ती पचेना. 1950 च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. मग 1960 च्या दशकात सरळ शेपटीचा प्रकार आला, जो हवा मिळाली तर बऱ्यापैकी कुजतो. आज आपल्या घरातल्या पावडरीत बहुधा हाच असतो. त्याचा कच्चा माल आपल्या राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला, खनिज तेलापासूनच तयार होतो.

दुसऱ्या बाजूला चरबीचा प्रश्न होता. तो भारतात केवळ रसायनाचा कधीच नव्हता, श्रद्धेचाही होता. पहिल्या महायुद्धानंतर अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत प्राण्यांच्या चरबीशिवाय, वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, आणि हिंदू, जैन, मुसलमान या सगळ्यांच्या मनातली शंका एकाच वडीने मिटवली. 1983 मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले आणि सरकारला त्या चरबीची आयात बंद करावी लागली. आमच्याकडे डुकराच्या चरबीची धास्ती, शेजाऱ्याकडे गाईच्या. दोन्ही घरांत साबण हातात घेऊन एकच प्रश्न विचारला जात होता: यात काय आहे?

यात एक बारकावा आहे, तो आपल्या तरुणांना माहीत असावा म्हणून लिहितो. हनफी फिकहमध्ये ‘इस्तिहाला’ नावाचे तत्त्व आहे. एखाद्या वस्तूचे मूळ स्वरूपच पालटून ती वेगळीच वस्तू झाली तर तिचा हुकूमही पालटतो. मीठ झालेले प्रेत हे जसे त्याचे उदाहरण, तसाच साबण हेही जुन्या किताबांतले उदाहरण आहे. शाफई मत याबाबत अधिक कडक आहे. मी मुफ्ती नाही आणि फतवा देत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की आपल्या उलमांनी शेकडो वर्षांपूर्वी साबणाकडे रासायनिक क्रिया म्हणून पाहिले होते, नुसते चिन्ह म्हणून नाही.

आज आपण चिन्हावर अडकलो आहोत. एका पाकिटावर हिरवा ठिपका, दुसऱ्यावर हलालचा शिक्का. नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणित वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली तेव्हा साबण-शाम्पूसुद्धा वादात ओढले गेले. माझे मत असे की ठिपका आणि शिक्का ही एकाच प्रश्नाची दोन भाषांतली भाषांतरे आहेत. भाषांतरावरून भांडण करणाऱ्यांना मूळ मजकूर वाचायचा नसतो. आणि दोन्ही चिन्हे एका गोष्टीवर गप्प आहेत. साबण अंगावरून उतरल्यावर जातो कुठे, हे ठिपकाही सांगत नाही आणि शिक्काही सांगत नाही.

म्हणून ‘वनस्पतीजन्य’ हा नवा शब्द बाजारात आला आहे, तो डोळे मिटून स्वीकारण्याआधी आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न: किती? शाम्पूत आणि भांडी घासायच्या द्रवात सर्रास वापरला जाणारा एक सर्फॅक्टंट आहे, त्याचे छोटे नाव एसएलईएस. त्याची शेपूट बारा कार्बनची, ती खोबरेल किंवा पाम-बियांच्या तेलातून येते. पण तो सौम्य व्हावा म्हणून डोके आणि शेपूट यांच्यामध्ये इथिलीन ऑक्साइडचे साधारण दोन तुकडे जोडतात. ते बहुतेक वेळा खनिज तेलाचे असतात आणि त्यांत चार कार्बन येतात. सोळापैकी बारा, म्हणजे पाऊण भाग वनस्पती आणि पाव भाग खनिज. हा पाव भागही उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलमधून बनवता येतो. उत्तराखंडात काशीपूरला असा कारखाना अनेक वर्षे चालू आहे. हे सगळे तपासताही येते. झाडातल्या कार्बनमध्ये कार्बन-14 असतो, कोट्यवधी वर्षे गाडल्या गेलेल्या खनिज तेलात तो उरलेला नसतो. अमेरिकेत सरकारी ‘बायोप्रेफर्ड’ लेबलवर या चाचणीने काढलेली टक्केवारी छापतात. युरोपच्या मानकात 95 टक्क्यांच्या वर वनस्पती असेल तरच ‘संपूर्ण’ म्हणता येते. आपल्याकडे मात्र पाकिटावर एक पान छापले की काम भागते.

दुसरा प्रश्न: कोणते झाड, कोणाच्या जमिनीवरचे? आपल्या राज्यातल्या तारापूर आणि तळोजा इथे सर्फॅक्टंट बनवणारी, 1980 मध्ये मुंबईत सुरू झालेली गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स ही कंपनी आज जगभर माल पाठवते. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण या धंद्याचा मुख्य कच्चा माल, लॉरिल अल्कोहोल, मोठ्या प्रमाणात पाम-बियांच्या तेलातून येतो, आणि पामचे मळे आहेत इंडोनेशिया आणि मलेशियात. तिथे मळ्यांसाठी जंगल तुटले. 2015 मध्ये तिथल्या आगींच्या धुराने शेजारच्या देशांचीही घुसमट झाली. त्या साबणावर हलालचा शिक्का असेल, हिरवा ठिपकाही असेल. जळालेल्या जंगलाचा हिशेब दोन्हींत नाही.

आणि इथे मला माझा जिल्हा आठवतो. चैत्रात मोहफुले वेचून झाली की पावसाच्या तोंडावर मोहाची फळे पिकतात. त्यांच्या बिया, आमच्याकडच्या टोऱ्या, बायका गोळा करतात, फोडतात, वाळवतात. टोरीचे तेल पिवळसर असते आणि हिवाळ्यात थिजते. त्यात ओलिक, स्टिअरिक आणि पामिटिक आम्ले भरपूर आहेत, म्हणजे अंगाच्या साबणाच्या टणक वडीला लागतात तीच. दुसरीकडे भंडारा धानाचा जिल्हा. गिरणीतून तांदळाचा कोंडा निघतो. कोंड्यात तेल असते, पण भरडाई झाल्याबरोबर कोंड्यातले विकर ते तेल फोडू लागते. काही तासांत उष्णता देऊन ते थांबवले नाही तर तेल खाण्यालायक राहत नाही आणि साबणाच्या कारखान्याकडे जाते. तिसरी वस्तू कणी. कणीतल्या स्टार्चपासून ग्लुकोज होते, आणि ग्लुकोजचे डोके नि तेलाची शेपूट जोडून अल्किल पॉलिग्लुकोसाइड नावाचा अतिशय सौम्य सर्फॅक्टंट होतो. लहान मुलांच्या शाम्पूत तो वापरतात. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने ही जोडणी 1893 मध्येच दाखवून दिली होती.

म्हणजे डोकेही इथले, शेपूटही इथली. तरी साबण बाहेरचा. टोरी पोत्यात भरून व्यापाऱ्याकडे जाते, कोंडा ट्रकमध्ये भरून जातो आणि परत येते ती रंगीत वेष्टनातली वडी.

इथे भाबडेपणा नको. मोहाच्या आणि कोंड्याच्या तेलाची शेपूट सोळा-अठरा कार्बनची, लांब. फेसाळ शाम्पूला बारा-चौदा कार्बनची लागते, ती नारळात आणि पाम-बियांत असते. भंडाऱ्यात उद्या शाम्पूचा कारखाना उभा राहील असे म्हणणे फसवे ठरेल. पण अंगाचा साबण, कपड्यांचा बार आणि कोसा रेशमाच्या धुलाईचा साबण यांना आमचे तेल चालते. आंधळगाव-मोहाडीकडे कोसा विणणारी घरे अजून आहेत, म्हणजे गिऱ्हाईकही घरचेच. तंत्र शिकायला फार लांब जायला नको. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 मध्ये उभी राहिलेली लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था नागपुरात आहे आणि तेलाचे तंत्रज्ञान हा तिचा जुना विषय आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने टोरीसारख्या गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला, 2013-14 पासून केंद्राने त्यासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली. पण बी विकण्याचा हक्क आणि बीपासून वस्तू करण्याची ताकद यांत मोठे अंतर आहे. ते अंतर घाणा, भट्टी आणि प्रशिक्षण यांनी भरते, घोषणांनी नाही.

बचत गटांच्या प्रदर्शनात ‘नैसर्गिक साबण’ विकायला ठेवलेला असतो. विचारले तर कळते की तयार बेसचे ठोकळे बाहेरून आणायचे, वितळवायचे, त्यात कडुनिंबाचा अर्क नि रंग टाकायचा आणि साच्यात ओतायचे. त्या भगिनींच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. त्यांना शिकवणाऱ्यांबद्दल मात्र तक्रार आहे. साचा भरायला शिकवले, तेलाचा साबण करायला का नाही शिकवले? कॉस्टिक सोडा धोक्याचा आहे, हे खरे. पण चष्मा, हातमोजे आणि नीट वजन करण्याची सवय एवढी तयारी झाली तर हे काम गावात होण्यासारखे आहे. नफा बेसच्या ठोकळ्यात असतो आणि ठोकळा दुसऱ्याचा असतो, तोवर या उद्योगाला स्वावलंबन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: मग तो जातो कुठे? वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडून द्या. पुरावा आमच्याच तलावांत आहे. मोहाची पेंड सॅपोनिनने भरलेली असते. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हीच पेंड वापरतात. तिच्यातले सॅपोनिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते आणि मासे मरतात. काही दिवसांनी विष उतरते आणि उरलेल्या पेंडीचे खत होते. ढिवर बांधवांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. म्हणजे झाडाचे द्रव्यही मारते, फक्त ते लवकर कुजते. हा फरक मोठा आहे, पण तो मात्रेवर आणि पाण्यावर अवलंबून आहे. रिठ्याच्या कारखान्याचे सांडपाणी उद्या आमच्या मामा तलावात सोडले तर रिठा काही माशांना सलाम करणार नाही.

आता त्या पाण्याकडे पाहा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. 1988 मध्ये गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले. पुढे धरणात पाणी अडू लागले आणि हे सगळे आमच्या उंबरठ्यापाशी तुंबू लागले. लाखो घरांच्या मोऱ्यांमधला फेस त्यात असतो. आणि भंडारा शहर पाणी पिते वैनगंगेचे. सरळ शेपटीचा डिटर्जंट हवेत कुजतो असे वर लिहिले, पण घाणीने भरलेल्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यात तो तसा कुजत नाही. म्हणून साबण बदलणे पुरेसे नाही, सांडपाणी शुद्ध करणेही लागते. हे काम नागपूरचे आहे, सरकारचे आहे, आणि ते मागत राहणे आपले आहे.

पण मागणाऱ्याचे स्वतःचे अंगणही पाहिले जाते. साचलेल्या पाण्यात लघवी करू नका, असा प्रेषितांचा (स.) स्पष्ट आदेश आहे. हा आदेश तलावांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांसाठी किती नेमका आहे! त्याच्या मागचा विचार असा की पाणी तुझ्या एकट्याचे नाही, तुझ्यानंतर कुणीतरी त्यात उतरणार आहे. आपण तहारतीबद्दल इतके दक्ष, पण आपली पाकी मोरीच्या भोकापाशी संपते. वुजू झाला, कपडे पाक झाले, पाणी गेले. ते पाणी ज्या बोडीत गेले तिथे कुणाची म्हैस पिते, कुणाचा सिंगाडा उगवतो, याचा विचार आपल्या तहारतीत का बसू नये?

यावर मला हमखास मिळणारे उत्तर असे: ‘सर, दहा रुपयांची पुडी परवडते, तुमचा मोहाचा साबण परवडणार का?’ प्रश्न रास्त आहे. हिरवी बाटली आज श्रीमंतांची चैन आहे, आणि मजुरीवर जाणाऱ्या बाईला तिच्या पुडीबद्दल अपराधी वाटायला लावणे हा निव्वळ उद्दामपणा होईल. म्हणून मी सुरुवात घरापासून करा असे म्हणत नाही. सुरुवात अशा ठिकाणांपासून करा जिथे साबण ठोक घेतला जातो आणि पैसा सगळ्यांचा असतो: शाळा, आश्रमशाळा, अंगणवाड्या, सरकारी दवाखाने, आणि हो, मशिदी आणि मदरसेही. या ठिकाणी हात धुवायचा साबण जिल्ह्यातल्या तेलाचा, जिल्ह्यातल्या गटांनी केलेला घ्यायचा असे ठरले, तर गिऱ्हाईक पक्के होते आणि पक्के गिऱ्हाईक असले की किंमत उतरते. मशिदीच्या वुजूखान्याचे पाणी नालीत सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात किंवा चार झाडांना सोडणे तर आजच होऊ शकते. त्यासाठी कुठलेही तंत्रज्ञान लागत नाही, एका जुम्याला विषय काढावा लागतो.

आणि पाकीट विकत घेताना विचारायची सवय लावू या. ठिपका कोणता, शिक्का कोणता, हे विचारून झाले असेल तर पुढचे विचारा. किती टक्के झाडाचे? कोणत्या झाडाचे? मोरीतून गेल्यावर किती दिवसांत कुजते? दुकानदाराला उत्तर येणार नाही. पण दहा जणांनी विचारले तर तो पुरवठादाराला विचारेल. छापील पानापेक्षा छापील आकडा मागणारे गिऱ्हाईक कंपनीला ऐकावे लागते.

गुस्ल देणारा माणूस बोरीचा पाला विकत आणत नाही, जवळच्या झाडाचा तोडून आणतो, लागेल तेवढाच, आणि ते पाणी शेवटी मातीत मुरते. जवळचे, गरजेपुरते आणि मातीत परत जाणारे, हीच साबणाची कसोटी आहे असे मी मानतो. ती आपण मय्यतीसाठी पाळत आलो आहोत. वैनगंगेकाठी जे जिवंत आहेत, त्यांचाही तेवढा हक्क आहे.